कुलधराची माणसं मोजताना : एका प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या एका वाचनालयाशी जोडलेला आमचा अभ्यासगट शाळकरी मुलांसाठी दरवर्षी एक छोटं प्रदर्शन भरवतो. शाळेचा हॉल, काही फलक, एखादी प्रतिकृती आणि फलकांशेजारी उभं राहून समजावून सांगणारी माणसं, एवढाच पसारा. गटात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, भूमी अभिलेख खात्यात आयुष्य काढलेले एक काका आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि पुरातत्त्व शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. नावं मुद्दाम देत नाही. हे प्रकरण माणसांपेक्षा निर्णयांचं आहे, आणि असे निर्णय स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या कुठल्याही गटापुढे येतील म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहोत.

त्या वर्षी विषय ठरला वाळवंटातलं गाव. गाव निवडलं कुलधरा, राजस्थानात जैसलमेरपासून साधारण अठरा किलोमीटरवर. निवडीमागचं कारण सरळ होतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातली कितीतरी कुटुंबं जैसलमेरला जातात आणि उंटावर बसून झालं की गाडीवाला त्यांना 'भुताचं गाव' म्हणून इथे आणतो. मुलांनी मोबाईलवर याचे व्हिडिओ आधीच पाहिलेले असतात. ओळखीच्या गावापासून सुरुवात केली तर मुलं ऐकतील, असा हिशेब होता.

गाव होतं पालीवाल ब्राह्मणांचं. मारवाडातल्या पालीहून आलेले म्हणून पालीवाल. लक्ष्मीचंद यांच्या १८९९ सालच्या तवारीखीनुसार कधन नावाच्या पालीवालाने इथे पहिली वस्ती केली आणि उधनसर नावाचं तळं खोदलं. म्हणजे घराआधी तळं. स्मशानातल्या स्मारकशिळांवर १२३५ आणि १२३८ या वर्षांचे मृत्यू कोरलेले आहेत, त्यामुळे गाव निदान तेराव्या शतकाइतकं जुनं. आराखडा लांबट चौकोनी, उत्तर-दक्षिण पसरलेला, लांबी ८६१ मीटर आणि रुंदी २६१ मीटर. मध्ये देवीचं मंदिर, तीन लांब रस्ते, त्यांना छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या, पूर्वेला काकणी नदीचं कोरडं पात्र. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिमीटर. पुणे शहरात तो सातशेच्या आसपास पडतो, आणि आपण ज्याला दुष्काळी पट्टा म्हणतो त्या शिरूर-बारामती-इंदापुरातही पाचशेच्या आसपास.

एवढ्या पावसावर तिथे गहू आणि हरभरा पिकत होता. त्याचं कारण खडीन. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या सखल जमिनीत आडव्या बांधाने अडवायचं, पावसाळाभर मुरू द्यायचं, जास्तीचं पाणी सांडव्याने सोडायचं आणि ओल धरलेल्या त्या जमिनीत रब्बीचं पीक घ्यायचं. मुरलेलं पाणी बांधाखालच्या विहिरींना मिळतं. पिकाच्या जमिनीच्या कितीतरी पट मोठं पाणलोट मोकळं ठेवावं लागतं आणि बांध दरवर्षी बघावा लागतो. ही शेती एकट्या कुटुंबाची नाही, अख्ख्या गावाची असते. पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरला.

अडचण

पहिल्या फलकाचा मजकूर सर्वांत आधी तयार झाला होता, कारण तो सर्वांना पाठ होता: 'चौऱ्याऐंशी गावं, एक रात्र'. जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह, त्याची गावच्या प्रमुखाच्या मुलीवर पडलेली नजर, त्याने दिलेली मुदत, आणि मुलगी देण्यापेक्षा गाव सोडू म्हणून १८२५ मध्ये एका रात्रीत निघून गेलेले चौऱ्याऐंशी गावांचे पालीवाल. जाताना दिलेला शाप. छपाईचा खर्च एका सहल कंपनीने उचलला होता आणि त्यांना हाच फलक दर्शनी हवा होता.

पुढच्या बैठकीला विद्यार्थिनी एक लहानसा तक्ता घेऊन आली. त्यात गावची लोकसंख्या होती. सतराव्या-अठराव्या शतकात, अवशेषांवरून केलेला अंदाज, १,५८८. १८१५ मध्ये, स्थानिक जाणकारांच्या माहितीवरून ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉडने दिलेला आकडा, २०० घरांत ८००. १८९० मध्ये, लक्ष्मीचंद यांच्यानुसार, ३७.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दंतकथेतल्या रात्रीच्या दहा वर्षं आधीच गाव निम्म्यावर आलं होतं. आणि त्या रात्रीनंतर पासष्ट वर्षांनी तिथे माणसं राहत होती. शिवाय सालिम सिंह वारला १८२४ मध्ये, म्हणजे प्रवाशांना सांगितलं जाणारं १८२५ हे साल त्याच्या मृत्यूनंतरचं. मग पहिला फलक उभा कशावर आहे?

बँकवाले गृहस्थ तक्त्याकडे बघत म्हणाले, "आठशे भागिले दोनशे, बरोबर चार. हे मोजलेलं नाही, गुणलेलं आहे." त्यांच्या मते घरं मोजली असावीत, बहुधा करासाठी, आणि माणसं घरामागे चार धरून काढली असावीत. १,५८८ लाही चाराने पूर्ण भाग जातो, ३९७. म्हणजे जे आकडे आम्ही दंतकथेच्या विरोधात उभे करणार होतो, तेही हिशेबातून आलेले होते. एका शिक्षिकेने विचारलं की मग मुलांना नक्की काय सांगायचं. बैठक त्या दिवशी तिथेच थांबली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

घरांवरून माणसं

पुण्यात हा प्रश्न नवा नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगातल्या गावाचं उत्खनन केलं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. तिथेही जमिनीच्या क्षेत्रफळावरून आणि घरांच्या संख्येवरून माणसांचा अंदाज बांधावा लागला. रॉल नॅरोल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये सुचवलेला ठोकताळा, दर माणशी साधारण दहा चौरस मीटर छताखालची जागा, पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. विद्यार्थिनीने तो कुलधरासाठी वापरून पाहावा, असं तिच्या मनात होतं. पण प्रत्येक घराचं माप आमच्याकडे नव्हतं. घरांची संख्या होती: मुख्य गावात ४१० पडक्या इमारती, शिवाय बाहेरच्या वस्तीत सुमारे २००.

४१० ला चाराने गुणलं तर १,६४०. पाचाने २,०५०. सहाने २,४६०. एका आकड्याच्या निवडीवर गाव दीडपट होतं. त्यातही सगळ्या इमारती घरं नसतात, आणि सगळी घरं एकाच वेळी नांदती नसतात.

भूमी अभिलेखातले काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "उताऱ्यावर नाव असतं म्हणून माणूस गावात असतो असं नाही." आणि मग त्यांनी स्वतःच्या गावाचं सांगितलं. शिरूर तालुक्यातलंच गाव, १९७२ चा दुष्काळ. पहिल्यांदा बैल गेले, कारण कडबा नव्हता. मग थोरला भाऊ आणि वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. विहिरीचा तळ दिसला तेव्हा धाकट्या चुलत्याने पुण्यात पत्र्याची खोली घेतली आणि एकेक भावंड त्या खोलीत येत गेलं. म्हातारी माणसं मागे राहिली. घराला कुलूप लागलं ते कितीतरी वर्षांनी, आजी गेल्यावर. घरपट्टी मात्र सगळा काळ भरली जात होती.

"आम्ही गाव सोडलं असं कुणी म्हणत नाही," काका म्हणाले. "माणसं कमी होत गेली, एवढंच."

विद्यार्थिनीने इनामगावची आठवण करून दिली. तिथे आधीच्या काळात मोठी आयताकृती घरं, पाटाने पाणी आणण्याची सोय. शेवटच्या काळात, साधारण इसवी सनपूर्व १००० ते ७०० मध्ये, लहान गोल झोपड्या. कोरडं होत गेलेलं हवामान हे म. के. ढवळीकर यांनी त्यासाठी मांडलेलं कारण. गाव रिकामं होण्याआधी घरं लहान झाली होती. आमचा प्रश्न इथे बदलला. 'ते का गेले' याऐवजी 'कोण आधी गेलं आणि मागे कोण राहिलं' असं विचारायला लागलो. संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोठा निर्णय होता, आणि तो ठराव करून झाला नाही. काकांच्या बोलण्यानंतर पहिला प्रश्न कुणी विचारलाच नाही.

समोर असलेले मार्ग

दंतकथा जशीच्या तशी ठेवून खाली 'अशी आख्यायिका आहे' ही ओळ टाकणं सर्वांत सोपं होतं. सहल कंपनी खूश, छपाई वेळेत. पण मुलं खालची ओळ वाचत नाहीत. शिक्षिकांनी हे अनुभवावरून सांगितलं आणि तो मार्ग तिथेच संपला.

दंतकथा पूर्ण काढून टाकावी, असं विद्यार्थिनीचं म्हणणं होतं. ते मला पटत होतं आणि नव्हतंही. सालिम सिंहाचा जुलूम कुणी नंतर रचलेला नाही. टॉडने त्याच काळात लिहिताना पालीवालांच्या देशोधडीला लागण्याचं खापर त्याच्यावर फोडलं आहे. संख्येने राजपुतांच्या बरोबरीचे आणि संपत्तीत त्यांच्याहून वरचढ, असं टॉड ज्या लोकांचं वर्णन करतो, ते लोक करवसुलीचं पहिलं लक्ष्य असणार हे उघड आहे. जुलूम खरा असू शकतो आणि एक रात्र खरी नसू शकते. दोन्ही एकत्र पुसून टाकणं हेही चुकीचं ठरलं असतं.

मधेच भूकंपाचा मुद्दा आला. २०१७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात भूशास्त्रज्ञांनी कोसळलेली छपरं, पडलेले खांब आणि तुळया यांवरून कुलधरा भूकंपाने उद्ध्वस्त झालं असावं, असं मांडलं. आमच्याकडे किल्लारीची आठवण ताजी असल्यामुळे हे कारण पटकन गळी उतरतं. कच्छचा मोठा भूकंप १६ जून १८१९ चा, ज्याने रणात 'अल्ला बंद' नावाचा उंचवटा उभा केला, हेही सर्वांना माहीत होतं. पण तक्ता पुन्हा समोर ठेवला तेव्हा दिसलं की १,५८८ वरून ८०० वर घसरण १८१५ पर्यंत झाली होती. १८१९ चा धक्का त्याचं कारण होऊ शकत नाही. नंतरच्या घसरणीत त्याचा हात असू शकतो. शिवाय वापरात नसलेल्या घराचं छप्पर भूकंपाविनाही पडतं. भूकंप फलकावर आला, पण एक शक्यता म्हणून आणि त्याच्या जागी.

राहिला पाण्याचा मार्ग. इतिहासकार रेझावी यांनी गोळा केलेल्या माहितीनुसार १८१५ पर्यंत गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या होत्या आणि १८५० च्या सुमारास एक पायविहीर आणि दोन खोल विहिरी एवढंच पाणी उरलं होतं. पीक घटलं, कराची मागणी घटली नाही. यात खडीनची गोष्ट जोडली की घसरणीचा वेग कळतो. बांध दुरुस्त करणारे हात कमी झाले की बांध फुटतो, बांध फुटला की खालची विहीर आटते, विहीर आटली की आणखी एक घर निघतं. हा शेवटचा दुवा आमच्या गटाने लावलेला आहे आणि फलकावर तो तसा सांगितला.

काय केलं

फलकांचा क्रम उलटा केला. आधी आकडे, मग पाणी, मग कर, मग भूकंप, आणि शेवटी दंतकथा पूर्ण लांबीची, मुलीसह आणि शापासह.

आकडे मुलांना दिसावेत म्हणून तीन मोठी ताटं मांडली. चार माणसांमागे एक चिंचोका. पहिल्या ताटात ३९७, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात ९. सदतीस म्हणजे नऊ चोक छत्तीस आणि वर एक माणूस, म्हणून तिसऱ्या ताटात दहावा चिंचोका लाल रंगवून ठेवला. शेजारी पाटी: 'घरामागे चार हा अंदाज आहे. तुमच्या घरात किती?' मुलांनी आपापल्या घरातली माणसं लिहायची आणि त्या आकड्याने ४१० ला गुणून बघायचं. सहा जणांच्या घरातल्या मुलाचं कुलधरा तिघांच्या घरातल्या मुलाच्या दुप्पट निघालं. अंदाज म्हणजे काय हे यापेक्षा बरं समजावता येईल असं मला वाटत नाही.

एकटं गाव बघून मुलांनी वाळवंट नेहमी रिकामंच होत जातं असं समजू नये, म्हणून बाजूला अख्ख्या जैसलमेरचे आकडे लावले. १८९१ मध्ये संस्थानात १,१५,७०१ माणसं. १९०१ मध्ये ७३,३७०. मध्ये १८९९-१९०० चा छप्पन्निया दुष्काळ, विक्रम संवत १९५६ वरून तसं नाव पडलेला. दहा वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त घट. आणि २०११ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात ६,६९,९१९, कालव्याचं पाणी पोहोचल्यानंतर. तरीही चौरस किलोमीटरला फक्त १७ माणसं. पुणे जिल्ह्यात तोच आकडा ६०३.

सहल कंपनीला नवा क्रम मान्य नव्हता. दर्शनी फलक जुनाच हवा असा आग्रह झाला. बँकवाल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की मग तुमचं नाव नको आणि पैसेही नकोत. काही फलक गाळले, काही हाताने लिहिले, उरलेला खर्च गटाने वाटून घेतला. हातच्या अक्षरातले फलक छापील फलकांपेक्षा जास्त वाचले गेले. तसं होईल अशी आम्ही अपेक्षा केली नव्हती.

काय झालं

मुलं ताटांपाशी सर्वाधिक रेंगाळली. त्यांचा प्रश्न जवळजवळ एकच होता: तो लाल चिंचोका कोण? कुणी लिहिलं म्हातारी आजी, कुणी लिहिलं मंदिराचा पुजारी, एका मुलीने लिहिलं 'ज्याला जायला दुसरीकडे नातेवाईक नव्हते तो'. दुष्काळात कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, हे त्या मुलीच्या उत्तरात आमच्या एकाही फलकापेक्षा नेमकं आलं होतं. शिक्षिकांनी हे कागद जपून ठेवले आहेत.

काही पालक नाराज झाले. भुताचं गाव बघायला आणलं आणि इथे गुणाकार चाललाय, असं एकांनी स्पष्टच सांगितलं. तेवढं चालायचंच.

महत्त्वाची भेट वेगळीच होती. पुण्यात दोन पिढ्या व्यापारात असलेले एक पालीवाल गृहस्थ नातवाला घेऊन आले. शेवटच्या फलकापाशी बराच वेळ थांबले. मग काकांना म्हणाले, "तुमचे आकडे बरोबर असतील. पण आमच्या घरात ही गोष्ट गाव सोडण्याची म्हणून सांगत नाहीत. मुलगी दिली नाही, म्हणून सांगतात." काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि ते वाक्य त्यांच्याच हाताने फलकाखाली लिहून द्यायची विनंती केली. त्यांनी लिहिलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक वर्गाला आम्ही दंतकथा सांगताना आधी ते वाक्य वाचून दाखवलं, आणि विद्यार्थिनीने स्वतःहून फलकाचं शीर्षक बदललं: 'काय घडलं' याजागी 'काय आठवतात'.

वेगळं काय करता येईल

असं काम पुन्हा करणाऱ्या गटाने पालीवाल गृहस्थांसारख्या माणसांना सुरुवातीलाच शोधावं. पुण्यात राजस्थानी समाज मोठा आहे, दोन फोन केले तरी कुणीतरी भेटेल. आकडे हातात येण्याआधी घरातली गोष्ट ऐकली तर 'खरं की खोटं' हा वादच निराळ्या जागी उभा राहतो, आणि आपल्याला तो लवकर ओलांडता येतो.

पैशाची बोलणी मजकूर ठरल्यावर करावीत. आधी पैसे आले की पहिला फलक कुणाचा, हा प्रश्न उरतोच.

तिसरी सुधारणा काकांच्या गावातून निघाली आणि तिच्यावर काम सुरू झालं आहे. कुलधराच्या ताटांशेजारी शिरूरच्या त्या गावाची ताटं मांडायची. गावनिहाय लोकसंख्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत मिळते. पण इथे तशीच एक फट आहे. १९७१ ची जनगणना १ एप्रिलचा मुहूर्त धरून झाली, दुष्काळ १९७२ चा, पुढची गणती १९८१ ची. मधल्या काळात पुण्याला गेलेला आणि परत आलेला माणूस दोन्ही आकड्यांत गावातच दिसतो, आणि जन्म भरपूर असल्यामुळे कायमचा गेलेलाही झाकला जातो. कुलधरात १८१५ आणि १८९० यांच्यामध्ये पंचाहत्तर वर्षांची फट आहे, इथे दहा वर्षांची, आणि महत्त्वाचं सगळं दोन्हीकडे फटीतच घडलेलं.

ती भरायला गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर उपयोगी पडेल, असं एका शिक्षिकेने सुचवलं. मुलाने शाळा कधी सोडली, त्याची तारीख आणि कारण त्यात लिहिलेलं असतं. 'पालक परगावी गेल्याने' अशी नोंद कोणत्या महिन्यात वाढते, हे त्यावरून काढता येईल. मुख्याध्यापकांनी रजिस्टर शाळेतच बसून बघायला परवानगी दिली आहे, मुलांची नावं उतरवून न घेण्याच्या अटीवर. विद्यार्थिनी आणि काका १९७१ ते १९७४ ची पानं आधी घेणार आहेत.